शेजारचा आवाज आपल्या स्पीकरमधून

प्रश्न : आमच्या मंदिराच्या सभामंडपात कीर्तनासाठी दोन वायरलेस माइक आहेत. बुवांनी कॉलर माइक बंद केला, की शेजारच्या मंगल कार्यालयातील निवेदकाचा आवाज आमच्या स्पीकरमधून येऊ लागतो. रिसीव्हरवरचे स्क्वेल्च वाढवूनही तो थांबत नाही. काय करावे?
— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : स्क्वेल्च हे सिग्नल ठरावीक पातळीखाली गेला की आवाज बंद करणारे दार आहे; आलेला सिग्नल कोणाचा, हे त्याला कळत नाही. शेजारच्या माइकचा सिग्नल जोरदार असल्यामुळे तो दारातून सहज आत येतो. म्हणून पहिला उपाय फ्रिक्वेन्सी बदलण्याचा.

कार्यालयात समारंभ चालू असेल अशी वेळ निवडा, मिक्सरवरचा आवाज खाली घ्या आणि दोन्ही माइकमधील सेल काढून ठेवा. सेल तुमच्या हातात असतानाही रिसीव्हरवरच्या आरएफ मीटरच्या, म्हणजे आलेल्या सिग्नलचा जोर दाखवणाऱ्या, पट्ट्या उजळत असतील, तर तो सिग्नल बाहेरचाच. आता रिसीव्हरवर स्कॅन करून मोकळी फ्रिक्वेन्सी निवडा आणि माइकलाही तीच द्या. दुसऱ्या माइकसाठी स्कॅन करताना पहिला चालू ठेवावा, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. दोन माइक मिळून नव्या फ्रिक्वेन्सी तयार करतात : 606.000 आणि 606.400 मेगाहर्ट्झवर दोन माइक असतील, तर 605.600 आणि 606.800 वरही त्यांचा उपद्रव होतो. म्हणून दोन्ही माइकसाठी कंपनीने आखून दिलेल्या एकाच ग्रुपमधील, म्हणजे एकमेकांना त्रास न देणाऱ्या फ्रिक्वेन्सींच्या गटातील, चॅनेल घ्यावेत. संच जुना असेल, तर त्यावरचा फ्रिक्वेन्सीचा आकडाही पाहून घ्या. 703 ते 748 आणि 758 ते 803 मेगाहर्ट्झ हे पट्टे आपल्याकडे मोबाइल सेवेचे आहेत, तिथे माइक चालवू नये.

यानंतर टोन स्क्वेल्च, म्हणजे पायलट टोन, चालू करा. अनेक अ‍ॅनालॉग संचांत माइक आवाजाबरोबर सुमारे 32 किलोहर्ट्झचा एक सूर पाठवतो, जो माणसाच्या कानाला ऐकू येत नाही, आणि तो सूर ओळखू आला तरच रिसीव्हर दार उघडतो. ही सोय माइक आणि रिसीव्हर दोन्हींत चालू असावी लागते. फक्त रिसीव्हरमध्येच चालू राहिली तर बुवांचा आवाजही बंद होईल. तरीही केवळ या सोयीवर विसंबू नका, कारण शेजारी त्याच कंपनीचा संच असेल तर त्याचा सूरही तोच असू शकतो. शिवाय तुमचा माइक चालू असताना त्याच फ्रिक्वेन्सीवर परका सिग्नल वरचढ ठरला, तर त्याला हा टोन गाळून काढू शकत नाही.

स्क्वेल्चला हात सर्वांत शेवटी लावा. तुम्ही ते आधीच वाढवून ठेवले आहे, ते प्रथम कंपनीच्या मूळ जागी आणा. माइक बंद असताना खरखर ऐकू आली, तरच एकेक पायरी चढवा आणि खरखर थांबली की तिथेच थांबा. ते गरजेपेक्षा वर गेले, तर माइकचा पल्ला घटतो आणि ऐन अभंगात शब्द तुटतात. मग रिसीव्हर लोखंडी कपाटातून बाहेर काढून, व्यासपीठ दिसेल अशा उंचीवर ठेवा, आणि कॉलर माइकची डबी (ट्रान्समीटर) कमरेला लावून कोणाला तरी बोलत बोलत सभामंडपाच्या टोकापर्यंत, खांबांच्या आडूनही, चालायला सांगा. जिथे आवाज तुटेल तिथे स्क्वेल्च एक पायरी खाली घ्या.