वडील सुतार होते. ते नुकतेच गेले. घरच्यांनी त्यांच्या आठवणी लिहायचं काम माझ्यावर टाकलं आहे, पण ‘प्रेमळ, कष्टाळू’ यापुढे काही सुचत नाही, आणि आईही फारसं बोलत नाही. कारागीर म्हणून लिहू की घरातला माणूस म्हणून?

वडील नुकतेच गेले आहेत आणि घरच्यांनी लिहायची जबाबदारी तुमच्यावर टाकली आहे. त्यात आईही फारसं बोलत नाही असं तुम्ही म्हणता. हे काम किती जड जातं याची मला कल्पना आहे.

माझं ऐकाल तर कारागीर आणि बाप अशी वाटणी करूच नका. ‘प्रेमळ’ आणि ‘कष्टाळू’ हे शब्द खरेच असतील, पण ते कुणाच्याही वडिलांना लागू पडतात. फक्त तुमच्याच वडिलांना लागू पडेल असं काही हवं असेल तर त्यांच्या हातच्या वस्तूंकडे जा. ती वस्तू कुणासाठी केली, कशी केली, कशात वेळ घालवला, ते बघा.

माझे काका सुतार होते. घरात लहानथोर सगळेच त्यांना अण्णा म्हणायचे. ते गेल्यावर चुलत बहिणीने आणि मी मिळून त्यांच्यावर लिहिलं. बहिणीच्या लहानपणी अण्णांनी तिला अभ्यासाची खुर्ची करून दिली होती. तिच्या दोन्ही बाजूंच्या फळ्यांना आतून एकाखाली एक अशा तीन खाचा होत्या. बसायची फळी सगळ्यात वरच्या खाचेत सरकवलेली, म्हणजे छोट्या मुलीचे हात टेबलावर नीट पोचावेत. ती वाढत गेली तशी फळी एकेक खाच खाली आली. पाय ठेवायच्या पट्टीलाही तशीच सोय. खुर्ची अजून आहे. वरच्या खाचेच्या कडा झिजून गोल झाल्या आहेत आणि प्रत्येक खाचेशेजारी पेन्सिलने इयत्ता लिहिलेली आहे. ‘अण्णांचा मुलीवर फार जीव होता’ हे वाक्य आम्ही लिहिलंच नाही. खाचांबद्दल लिहिलं. ऐकणाऱ्यांना कळायचं ते कळलं.

तुमच्या घरात त्यांनी केलेलं कपाट किंवा टेबल असेलच. त्याचा एक ड्रॉवर पूर्ण बाहेर काढा आणि उलटा करून उजेडात धरा. दर्शनी बाजू सगळेच घासून गुळगुळीत करतात, माणूस दिसतो तो मागे आणि खाली. कोपऱ्यात टोकाकडे रुंद होत गेलेले दात एकमेकांत अडकवलेले दिसले तर तो डव्हटेल सांधा. हाताने कापलेला असेल तर दातांची रुंदी थोडी कमीजास्त असते, मशीनवरचे दात बहुधा एकसारखे. दातांच्या मुळाशी टोकदार हत्याराने ओढलेली बारीक सरळ रेघ सापडेल. करवत कुठे थांबवायची त्याची ती खूण. काही सुतार ती रंधून काढतात, काही तशीच ठेवतात. तळाच्या फळीवर पेन्सिलीची मापं, आकडेमोड, एखादं नावही असू शकतं. त्याचे फोटो काढून ठेवा. पुढे कुणी हौसेने पॉलिश करायला घेतलं की हे सगळं सँडपेपरखाली जातं.

दुसरी गोष्ट, त्यांच्याबरोबर काम केलेला एखादा माणूस गाठा. जोडीदार असो, हाताखाली शिकलेला असो. घरच्यांना वस्तू दिसते, तिच्यातली अक्कल दिसत नाही. जुन्या कपाटाच्या दाराची मधली फळी बोटाने दाबली तर किंचित हलते, आणि आपल्याला वाटतं की काम ढिलं झालं. खरं कारण असं आहे की लाकूड कापून वाळवलं तरी त्याची हालचाल थांबत नाही. दमट हवेत ते रेषांच्या आडव्या अंगाने फुगतं, कोरड्या हवेत आक्रसतं. लांबीत मात्र जवळजवळ फरक पडत नाही. म्हणून जाणता सुतार ती फळी चौकटीच्या खाचेत नुसती बसवतो, तिला गोंद लावत नाही. चारही बाजूंनी चिकटवली तर ती एक दिवस फाटणारच. तुमचं कपाट वर्षानुवर्षं तडा न जाता उभं असेल तर त्यामागे वडिलांचा असा विचार आहे. मजकुरात तो यायलाच हवा.

त्या माणसाला ‘ते कसे होते’ असं विचारू नका. ‘कुठल्या कामात ते घाई करत नसत?’ असं विचारा. अण्णांच्या बाबतीत उत्तर सगळ्यांनी एकच दिलं, हत्यारांना धार लावण्यात. पटाशीचा, म्हणजे लाकूड कोरायच्या छिन्नीचा, उतार साधारण २५ अंशांचा ठेवायचा, अगदी टोकाला किंचित उभा, ३० अंशांच्या आसपास. दगडावर फिरवत राहायचं, पाठीमागच्या बाजूला बोटाला लागेल अशी बारीक कोर येईपर्यंत. मग पाठ दगडावर सपाट टेकवून ती कोर काढायची. हे करताना ते कुणाचीही गडबड चालू देत नसत. आणि आम्हा मुलांसाठी तोच त्यांचा बोलायचा वेळ होता. शाळेत काय चाललंय, कुणाशी भांडण झालं, हे त्यांनी कधी समोर बसवून विचारलं नाही. नजर धारेवर आणि प्रश्न आम्हाला. माझ्या कितीतरी भीती मी त्या दगडाशेजारी बसून सांगितल्या आहेत. आता सांगा, हे कामाच्या आठवणीत घालायचं की घरच्या?

त्यांचा राग, हट्ट, विक्षिप्तपणाही लिहा. अण्णांची पटाशी घेऊन कुणी रंगाच्या डब्याचं झाकण उघडलं की ते घर डोक्यावर घ्यायचे. हे वाचताना अख्खं घर हसलं आणि रडलंही. दोष पुसून टाकलेला माणूस घरच्यांना ओळखू येत नाही. तसंच आईचा वाटा विसरू नका. बऱ्याच कारागिरांच्या घरी हिशेब ठेवणारं, गिऱ्हाइकाला थोपवून धरणारं, पॉलिशचा हात मारणारं दुसरं माणूस असतं आणि त्याचं नाव कुठेच येत नाही. आमच्याकडे ते सगळं काकू करायची.

कामाची जागा आवरायची घाई करू नका. आधी सगळ्या भिंतींचे, फळ्यांचे, खिळ्यांच्या डब्यांचे फोटो घ्या. पुठ्ठ्याचे किंवा प्लायवूडचे चित्रविचित्र आकार खुंटीला अडकवलेले असतील, ते फर्मे. खुर्चीच्या पायाचा बाक, हाताची वळणं त्यावरून आखतात. घरच्यांना तो कचरा वाटतो आणि तोच आधी बाहेर जातो. अंतोनियो स्त्रादिवारी हा व्हायोलिन घडवणारा कारागीर १७३७ मध्ये वारला. नव्वदी उलटल्यावरही तो वाद्यं घडवत होता, फ्रांचेस्को आणि ओमोबोनो ही दोन मुलं त्याच्याच कार्यशाळेत राबली. तो मनाने कसा होता याबद्दल फार थोडं हाती लागतं. पण त्याचे लाकडी साचे आणि कागदी नमुने शिल्लक राहिले. पाओलो या कापडाचा व्यापार करणाऱ्या मुलाने ते १७७० च्या दशकात एका संग्राहकाला विकले आणि आज ते इटलीतल्या क्रेमोना शहराच्या व्हायोलिन संग्रहालयात बघता येतात. त्याचा हात कसा चालायचा हे अभ्यासक त्यांवरून अजून शोधत आहेत. तेव्हा प्रत्येक फर्म्यावर तो कशाचा आहे ते जाणत्या माणसाला विचारून आत्ताच लिहून टाका.

जरा विषयांतर होतंय, पण महत्त्वाचं आहे. त्या जागेत जवसाच्या तेलात भिजलेली फडकी सापडली तर ती गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल वाळताना उष्णता सोडतं आणि फडक्यांचा ढीग आपोआप पेटू शकतो. मोकळ्या हवेत सुटी पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवून पत्र्याच्या झाकणाच्या डब्यात ठेवा. हत्यारांच्या पात्यांना हलका तेलाचा हात पुरे. मुठी मात्र घासू नका. त्यांची झीज वडिलांच्या पकडीची आहे.

आता आईबद्दल. समोर बसवून ‘बाबांबद्दल सांग’ म्हटलं तर ती गप्प होईल, आमची काकूही व्हायची. त्याऐवजी त्यांच्या हातची एखादी वस्तू तिच्या हातात द्या आणि विचारा, ‘हे केलं तेव्हा घरात काय चाललं होतं?’ सालं अशीच सापडतात. पाळणा थोरलीच्या वेळचा, देवडीवरचा बाक अमक्या आजारपणानंतरचा, असं ती आपणहून जुळवत जाते. ती हो म्हणाली तर फोनवर रेकॉर्ड करा, कारण शब्द तिचेच हवेत.

जन्मसाल, शिक्षण, नातेवाइकांची नावं शेवटी दोन ओळींत आली तरी चालतात. सुरुवात खाचेपासून, ड्रॉवरपासून, धारेपासून करा.

कच्चा मजकूर तयार झाला की पहिल्यांदा आईलाच वाचून दाखवा. मध्येच ती थांबवेल, ‘असं नव्हतं ते’ म्हणेल. वाद घालू नका, ती काय म्हणते ते तिच्याच भाषेत लिहून घ्या. कामातल्या जोडीदाराची आणि तिची आठवण एकमेकींशी जुळली नाही तर दोन्ही ठेवा, कुणी काय सांगितलं तेवढं नमूद करा.