रात्री माळ्यावर खुडखुड आवाज येतो, उंदीर आहे का दुसरं काही, कसं ओळखायचं?

आधी टाइम बघा. दिवसा पत्र्यावर टुणटुण उड्या अन् सारखं चिर्र चिर्र चालू असलं तर खार आहे, ती रात्री झोपते. लाईट बंद केल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी कुरतडल्यासारखं कर्र कर्र सुरू होत असेल तर उंदीरच, त्याचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात म्हणून तो लाकूड, वायर काहीबी कुरतडतो. आमच्याकडं परभणीला सोयाबीनची पोती घरात लावली की हेच, मी एकदा पोत्याला कान लावून ऐकलं तर आतून दाणे सरकल्याचा आवाज येत होता, सकाळी कोपऱ्याला भोक अन् खाली भुसा.

भिंतीकडंनं पळताना नाणी वाजल्यासारखं चिकचिक अन् उग्र वास आला तर चिचुंद्री. ती झुरळं किडे खाते, मारू नका उगी.

अन् वरून कुणी माणूस चालल्यासारखं धप धप वाजलं तर मांजर नाहीतर उदमांजर, बऱ्याच जणांना ते भूतच वाटतं. उदमांजर असलं तर हात लावू नका, कायद्यानं संरक्षित आहे, वनखात्याच्या १९२६ ला फोन लावा.