बामबर्गला प्रथमच जाताना

जर्मनीत म्युनिकऐवजी बामबर्ग हे शहर पाहण्याचा आपला विचार योग्यच आहे. न्यूरेंबर्गहून रेल्वेने तासाभरात तेथे पोहोचता येते. सकाळ टेकडीवरील कॅथेड्रलसाठी राखून ठेवावी, कारण तेथील अश्वारूढ पुतळा आणि शिल्पकार रीमेनश्नायडरने घडवलेली सम्राट दुसरा हेन्री व सम्राज्ञी कुनिगुंडे यांची समाधी ही घाईने पाहण्याजोगी शिल्पे नव्हेत. रविवारी सकाळी मात्र प्रार्थना चालू असते, तेव्हा दुपारी जावे. रेग्निट्झ नदीच्या मधोमध उभे असलेले जुने नगरभवन उतरताना वाटेतच लागते.

बिअर त्यानंतर. येथील प्रसिद्ध 'राउखबिअर'साठी जवाचे माल्ट (मोड आणलेले धान्य) बीच वृक्षाच्या लाकडांच्या धुरावर वाळवले जाते, त्यामुळे पहिल्याच घोटाला धुरावलेल्या मांसाचा भास होऊन पुष्कळ नवखे पेला बाजूला सारतात. आपण तसे न करता अर्धा लिटर सावकाश संपवावा आणि मगच मत बनवावे. (शाकाहाऱ्यांनी शंका बाळगू नये, तो केवळ धूरच असतो.) उन्हाळ्यातील संध्याकाळी शहरातल्या गर्दीत बसण्यापेक्षा, जुन्या बिअर-तळघरांच्या माथ्यावर झाडांखाली भरणाऱ्या 'केलर' बागांत जावे आणि खिशात थोडे रोख युरो अवश्य ठेवावेत.