लिनक्सवर पिक्चर धूसर का दिसतो?

प्रश्न : जुन्या लॅपटॉपवर विंडोज फारच रखडत होतं म्हणून भाच्याने लिनक्स मिंट टाकून दिलं, आता लॅपटॉप मस्त पळतोय, पण एका ओटीटीचा महागडा प्लॅन घेऊनही चित्र धूसरच येतं आणि क्रोमियममध्ये (क्रोम ज्यावर बनतो त्या ब्राउजरमध्ये) तर पिक्चर सुरूच होत नाही. यूट्यूब मात्र एकदम क्लिअर. लॅपटॉप बदलू का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : अजिबात नको! ओटीटीवाले पिक्चर कुलूप लावून पाठवतात आणि ते उघडायचं काम ब्राउजरमध्ये गुगलचं वाइडवाइन करतं. क्रोममध्ये ते आधीपासून असतं, क्रोमियममध्ये बहुतेक नसतंच, त्यामुळे सरळ क्रोम टाका. फायरफॉक्सही चालेल, फक्त सेटिंग्जमध्ये डीआरएमवाला (म्हणजे असा कुलूपबंद) कंटेंट चालवायची टिक करा.

आता धूसरपणाचं. वाइडवाइनच्या लेव्हल असतात, एल१ म्हणजे कुलूप उघडण्यापासून पुढचं सगळं चिपच्या सुरक्षित भागात होतं, एल३ म्हणजे सगळं नुसत्या सॉफ्टवेअरमध्ये. साध्या लिनक्स पीसीवर एल३च मिळतं आणि ते दिसलं की बऱ्याच सर्व्हिस वरची क्वालिटी देतच नाहीत, मग प्लॅन कुठलाही घ्या. यूट्यूबच्या नेहमीच्या व्हिडिओंना हे कुलूपच नसतं. ब्राउजर विंडोजवर चालतोय असं भासवायच्या युक्त्या नेटवर फिरतात, पण त्याने लेव्हल वाढत नाही, आणि एचडीएमआयने टीव्हीला जोडलं तरी कुलूप लॅपटॉपच उघडणार ना. पैसे भरणाऱ्याला धूसर चित्र आणि चोरीची कॉपी मात्र फुल एचडी, हा मला तरी शुद्ध वेडेपणा वाटतो.

तरी पूर्वीपेक्षा बरंय म्हणायचं. नेटफ्लिक्स आधी ब्राउजरमध्ये मायक्रोसॉफ्टच्या सिल्व्हरलाइट या प्लगइनवर चालायचं, लिनक्सवाल्यांकडे त्याचा पर्याय म्हणून मूनलाइट होतं पण त्याला हे कुलूप उघडायचं नाही, २०१४ मध्ये क्रोममधून रीतसर सुरू झालं तेव्हा कुठे सुटका झाली. तुम्ही पिक्चर स्मार्ट टीव्हीच्या अॅपवर किंवा टीव्हीला लावायच्या चांगल्या स्ट्रीमिंग स्टिकवर बघा, लॅपटॉप बाकीच्या कामांना ठेवा. मोबाइलवर बघत असाल तर डीआरएमची माहिती दाखवणारं एखादं अॅप टाकून लेव्हल तपासा, काही अँड्रॉइड फोनही एल३च असतात.

प्रश्न : मी फ्रीबीएसडी (लिनक्ससारखीच पण वेगळी ऑपरेटिंग सिस्टिम) वापरतो, माझं काय?
– एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : तुमचं अवघड आहे बाबा. गुगल फ्रीबीएसडीसाठी वाइडवाइन काढतच नाही, त्यामुळे लिनक्सचा क्रोम फ्रीबीएसडीच्या लिनक्स कंपॅटिबिलिटीमधून (लिनक्सचे प्रोग्रॅम चालवायच्या सोयीतून) चालवावा लागतो. चालतो, पण एल३च!