हिशेब अल्लाहचा, साक्ष तुझी

बेटा,

अस्सलामु अलैकुम.

तुझ्या सात पानांपैकी सहा मी भराभर वाचली. तसली पानं मला पाठ आहेत. चाचांनी जमिनीचे कागद आपल्या नावावर कसे केले, अब्बा गेल्यावर कोण कोण गप्प बसलं, निकालाच्या दिवशी कोणी नजर चुकवली. थांबलो तो सातव्या पानावर. तू लिहितेस, इशानंतर, म्हणजे रात्रीच्या नमाजनंतर, हात उचलते, अब्बांच्या मगफिरतीची, गुनाह माफ होण्याची, दुआ मागायची असते, पण तोंडून चाचांसाठी बददुआच निघते. मग घाबरून हात खाली घेते. महिनाभर दुआच मागितली नाही. आणि चाचा मात्र मस्जिदीत पहिल्या सफमध्ये, नमाजच्या पहिल्या रांगेत.

सबर कर, धीर धर, असं मी सांगणार नाही. त्या शब्दाचा लोकांनी तुझ्यापुढे पार चोथा करून टाकला असेल.

आधी बददुआचं संपवू. वाईट गोष्ट चारचौघांत बोललेली अल्लाहला आवडत नाही, पण ज्याच्यावर जुल्म झाला त्याचं वेगळं, असं कुरआनातल्या सूरह निसाची 148 वी आयत सांगते. मिसरचा जालिम राजा फिरऔन, त्याची मालमत्ता नष्ट कर, ही प्रेषित मूसा अलैहिस्सलाम यांची मागणी सूरह यूनुसमध्ये जशीच्या तशी आहे. तेव्हा तुझ्या तोंडून निघालं म्हणून आभाळ कोसळलेलं नाही. फक्त प्रेषितांचे साथी साद बिन अबी वक्कास यांनी ते कसं केलं ते बघ. कूफ्याचे अमीर म्हणून त्यांनी केलेल्या कारभाराची चौकशी चालू असताना एका माणसानं भर मस्जिदीत त्यांच्यावर खोटे आरोप केले. सादनी तीन गोष्टी मागितल्या: याला लांब आयुष्य दे, लांब गरिबी दे, फितन्यांत, कसोटीच्या संकटांत, टाक. पण त्याआधी एक वाक्य होतं, 'हा तुझा बंदा खोटा असेल तर.' त्या 'तर'वर बोट ठेव. जे माहीत होतं ते बोलले, फैसला वर सोडला. हिशेब अल्लाहचा, साक्ष तुझी. तू हात खाली घेतेस तेव्हा साक्षच मागे घेतेस, आणि हिशेब मात्र उराशी धरून झोपतेस. उलटं झालंय ते.

या किश्शाचा शेवट तुला कोणीतरी नक्की ऐकवला असेल. तो माणूस म्हातारा झाला, भुवया डोळ्यांवर उतरल्या, आणि 'सादची बददुआ लागली' म्हणत फिरायचा. किस्सा खरा आहे. पण 'बघ, तुझ्या चाचाचंही असंच होणार' असं म्हणत जे तो सांगतात, त्यांच्यावर माझा राग आहे. रोज घडलं असतं तर कोणी लिहून ठेवलं असतं का?

मी वाट बघितली आहे. बावीस वर्षं. धंद्यातला भागीदार होता, भावासारखा, म्हणून कागद न वाचता सही केली. सगळं गेलं. ज्यांना माहीत होतं त्यांनी तोंड उघडलं नाही. त्या दिवसापासून मी त्याचा मुनीम झालो, बिनपगारी. त्याचा मुलगा नापास झाला, मनात एक खूण केली. त्याचे गुडघे गेले, दुसरी खूण. पुढे मुलगा पास झाला, गुडघे बरे झाले, तो हज करून आला आणि एका जुम्म्याच्या पहाटे झोपेतच गेला. लोक म्हणाले, काय नशीबवान मौत! जनाजाच्या नमाजला मी तिसऱ्या सफमध्ये होतो. चारही तकबीर पुऱ्या केल्या. नंतर कोणी तरी हळूच विचारलं, माफ केलंत ना? मी चपला घातल्या आणि निघालो.

माफ केलेलं नाही. आजही नाही. यावर मला कोणी वाज, प्रवचन, सुनावू नये. सूरह शूरा उघडून बघ: जो माफ करेल त्याचा मोबदला अल्लाहकडे, आणि लगेच पुढच्या आयतीत, जुल्म झाल्यावर ज्यानं आपला हक्क वसूल केला त्याच्यावर ठपका नाही. फजिलत, जादाचं पुण्य, हातची गेली असेल माझी. गुन्हा केला नाही. तुलाही माफ कर म्हणणाऱ्यांना एवढंच विचार की चाचांनी माफी मागितली आहे का.

तरी मी सावरलो कशानं, ते सांगतो. प्रेषितांच्या पत्नी उम्मे सलमा रजियल्लाहु अन्हा यांनी सांगितलेली रिवायत आहे. दोन माणसं जुन्या वारशाचं भांडण घेऊन प्रेषितांकडे, सल्लल्लाहु अलैहि वसल्लम, आली. पुरावा दोघांकडेही नाही. प्रेषित म्हणाले, मी माणूस आहे. तुमच्यातला एखादा आपली बाजू मांडण्यात जास्त हुशार असेल, आणि मी ऐकतो त्यावर फैसला देतो. तेव्हा भावाच्या हक्कातलं काही मी कुणाला दिलं, तर त्यानं ते घेऊ नये, तो आगीचा तुकडा आहे.

बेटा, हे पुन्हा वाच. मी कित्येक वर्षं नुसतं ऐकत होतो. ज्यांच्यावर वही, अल्लाहचा संदेश, उतरत होती ते स्वतः सांगतायत की माझ्या निकालानंही हराम हलाल होत नाही. मग तुझ्या त्या निकालाची काय बिशाद! त्यानं जमिनीवरचं नाव बदललं. हक्क आहे तिथेच आहे. तुला वाटतं हरलो म्हणजे खोटे ठरलो. नाही. खरं-खोटं तिथं ठरलंच नाही, ठरायचं आहे. 'जालिम जे करतात त्यापासून अल्लाहला गाफील समजू नकोस,' सूरह इब्राहीमची 42 वी आयत, आणि पुढे कारण दिलंय: तो त्यांना त्या दिवसापर्यंत मुदत देतोय. मुदत म्हणजे सुटका नव्हे. आपल्या मराठीत गाफील, मुदत, हक्क, हिशेब हे सगळे शब्द आहेत, रोज वापरतो आपण, अर्थ मात्र कचेरीपुरता ठेवतो.

आणि पहिल्या सफचं म्हणशील, तर मुफलिसची, म्हणजे कंगालाची, हदीस, प्रेषितांचं ते वचन, तुला माहीत आहे. नमाज, रोजे, जकात सगळं घेऊन माणूस येईल, पण याला शिवी दिलेली, त्याचा माल खाल्लेला. मग त्याच्या नेक्या एकेकाला वाटल्या जातील, आणि संपल्या की त्यांचे गुनाह याच्या डोक्यावर. तिथं दुसरं नाणं चालत नाही. चाचांची नमाज तुला का खुपते? पढू दे. तुझं देणं त्याच पुरचुंडीतून निघायचं आहे. (हसू आलं ना? मलाही पहिल्यांदा आलं होतं. नंतर नाही.)

नाही आलं, कारण ती हदीस ऐकताना आपण प्रत्येक वेळी वसुलीच्या रांगेत उभे असतो, देणेकऱ्याच्या जागी कधीच नाही. मी बावीस वर्षं दुसऱ्याच्या वहीत डोकं घालून बसलो, आणि त्यातली अकरा वर्षं माझ्या सख्ख्या बहिणीचा हिस्सा माझ्याकडे पडून होता. ती एकदा 'राहू दे भाईजान' म्हणाली होती आणि ते मी फार खुशीनं ऐकलं. तेव्हा हात तंगीत होता, भागीदारानं लुटलेलं होतं, मुलं लहान होती. खोटं नाही यातलं काही. पण भागीदाराच्या घरी कोणी विचारलं असतं, तर त्यानंही अशीच तीन कारणं दिली असती. शेवटी दिला हिस्सा. तिनं घेतला, मोजला नाही. मोजला असता तर बरं झालं असतं.

म्हणून आता तुला टोचेल असं विचारतो. रागाव हवं तर. दादा, म्हणजे तुझे आजोबा, आधी गेले, अब्बा नंतर. दादांच्या मागे दोन मुलगे आणि एक मुलगी होती. दादी आधीच गेलेल्या, हे तूच लिहिलंस. सूरह निसाच्या 11 व्या आयतीप्रमाणे मुलाला मुलीच्या दुप्पट. म्हणजे पाच भाग: अब्बांचे दोन, चाचांचे दोन, फुफीचा एक. तुझ्या सात पानांत अब्बांचा हिस्सा नऊ वेळा आलाय. फुफीचा एकदाही नाही. ती फक्त 'रडत होती' एवढ्यापुरती आली आहे.

ती कशासाठी रडत होती, विचारलंस?

अब्बा हयात असताना, दोघा भावांचं बरं चाललं होतं तेव्हा, फुफीला काही मिळालं होतं का? अब्बांवर मी आरोप करत नाही, मी त्यांना ओळखत होतो, चांगला माणूस. पण त्याच सूरहत 135 वी आयत आहे: न्यायासाठी उभे राहा, अल्लाहसाठी साक्ष द्या, मग ती तुमच्या स्वतःच्या, आईबापांच्या किंवा नातेवाइकांच्या विरुद्ध का असेना. चाचांच्या विरुद्ध साक्ष द्यायला काय लागतं? राग पुरतो. साक्ष तुझी, असं मी वर दोनदा म्हणालो तेव्हा तू मनात चाचांचाच चेहरा आणला असशील. मीही तुझ्या वयात तेच केलं असतं.

अब्बांची मगफिरत मागायची आहे ना तुला? मग आधी बघ त्यांच्यावर कुणाचं काही राहिलंय का. माणसाचं देणं माणसानं सोडल्याशिवाय सुटत नाही, ते चाचांना लागू तसं अब्बांनाही. अब्बांचा हिस्सा हातात नाही म्हणतेस, खरं आहे. पण त्यांनी हयातीत जे वापरलं त्यातलं फुफीचं किती, हे तरी कागदावर मांडता येईल. अम्मींना बरोबर घेऊन जा. फुफी 'राहू दे' म्हणतील. पहिल्या 'राहू दे'वर उठू नकोस, आकडा सांग आणि मग विचार.

आज इशानंतर हात उचल. जे निघेल ते निघू दे, मागे फक्त तो 'तर' जोड. आणि पुढचं पत्र सात पानांचं नको. फुफी काय म्हणाल्या तेवढं कळव.