'पासून' दिसलं की लगेच 'सिन्स' नको
इंग्रजीत वाक्य करताना तुझी गाडी 'पासून'वर अडते आहे. मराठीत 'सोमवारपासून' आणि 'पाच वर्षांपासून', दोन्हीकडे शेपूट एकच; म्हणून आपण बिनधास्त 'सिन्स' ठोकून देतो. (मीही कित्येक वर्षं ठोकला.) इंग्रजीत सुरुवात कधी झाली ते सांगायचं असेल तर 'सिन्स मंडे', किती काळ झाला ते सांगायचं तर 'फॉर फाइव्ह इयर्स'. क्रियापदही बदलतं: 'आय ॲम वर्किंग' नव्हे, 'आय हॅव बीन वर्किंग'.

'पर्यंत'चंही तेच. 'बाय फ्रायडे' म्हणजे उशिरात उशिरा शुक्रवारी काम संपव, 'टिल फ्रायडे' म्हणजे तोवर करत राहा. 'ॲट फाइव्ह', 'ऑन मंडे', 'इन जून' मात्र सरळ जोडीनेच पाठ कर, त्यामागचं कारण शोधत बसू नकोस.