चिखल्या: वाचकांचे प्रश्न, त्वचारोगतज्ज्ञांची उत्तरं

प्रश्न: चाकणला कारखान्यात कामाला आहे. दहा-दहा तास सेफ्टी शूज पायात असतात. करंगळीशेजारची कातडी पांढरी पडून सोलते, खाज सुटते. मेडिकलमधून आणलेल्या ट्यूबने चार दिवसांत बरं वाटतं, पण ती थांबवली की आठवड्याभरात पुन्हा तेच. काय करू?

आधी ती ट्यूब हातात घ्या आणि तिच्यावरची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासोल, बेटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन यांपैकी एकही नाव दिसलं तर ती ट्यूब बंद करा. ही स्टेरॉइडं आहेत. ती खाज आणि लाली दाबतात, बुरशी मात्र कातडीत पसरत राहते. म्हणूनच चार दिवस बरं वाटतं आणि मग दुखणं उलटतं. स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र कोंबलेल्या अशा ट्यूबांनी आपल्याकडचं गजकर्ण फार चिवट करून ठेवलंय. बंद केल्यावर काही दिवस खाज उसळेल. घाबरून पुन्हा तीच लावू नका.

त्याऐवजी फक्त बुरशीवरचं औषध असलेलं क्रीम घ्या. क्लोट्रिमाझोल १ टक्का दिवसातून दोनदा, चार आठवडे. किंवा ल्युलिकोनाझोल १ टक्का दिवसातून एकदा, दोन आठवडे. दोन्ही एकदम लावायची गरज नाही. पाय साबणाने धुवा आणि सुती फडक्याने प्रत्येक बेचकं वेगळं टिपा. पाच-दहा मिनिटं पाय उघडे ठेवा, मगच क्रीम लावा. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूब पिळली की साधारण अर्धा ग्रॅम क्रीम येतं. एका पायाच्या सगळ्या बेचक्यांना त्याच्या निम्मं पुरतं. जास्त लावलं तर ते बेचक्यात पांढरं साचून राहतं आणि ओल धरतं. दुखऱ्या जागेबाहेर दोन सेंटिमीटरपर्यंत चांगल्या दिसणाऱ्या कातडीलाही लावा, कारण बुरशी दिसते त्याच्या पुढे गेलेली असते. खाज थांबली म्हणून औषध सोडू नका. बहुतेकांचं दुखणं इथेच परततं.

बुटांच्या दोन जोड्या ठेवा आणि एक दिवसाआड वापरा, कारण घामाने भिजलेला बूट एका रात्रीत आतून वाळत नाही. घरी आल्यावर आतला तळवा बाहेर काढा, बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, दोन तासांनी ते बदला. जेवणाच्या सुट्टीत मोजे बदला. मोजे उलटे करून ६० अंशांच्या आसपासच्या गरम पाण्यात धुवा, कडक उन्हात वाळवा. अंघोळीनंतर आधी मोजे घाला, मग अंतर्वस्त्रं. नाहीतर कपडा पायांवरून वर ओढताना बुरशी जांघेत जाते. पायाचा टॉवेलही वेगळा हवा, आणि तो घरात दुसऱ्या कुणी वापरू नये.

प्रश्न: आम्ही कोकणात भातशेती करतो. लावणीत दिवसभर पाय चिखलात. चिखल्यांनी पाय टेकवत नाही. कोणी मेंदी सांगतं, कोणी रॉकेल, कोणी चुना. खरं काय?

रॉकेल आणि चुना अजिबात नको, दोन्हींनी कातडी भाजते. पाल्याच्या मेंदीने कातडी कोरडी पडते, थोडा आराम पडतो, पण तेवढ्याने बुरशी जात नाही. जखम उघडी असेल तर मेंदीही लावू नका. रसायन घातलेली काळी मेंदी तर नकोच.

तुमच्याकडे सुरुवात पाण्यापासून होते. तासन्‌तास भिजून कातडी फुगते, बेचक्यात चिरते, मग तिथे बुरशी आणि जिवाणू दोन्ही शिरतात. शेतात उतरण्याआधी, पाय कोरडे असताना, बेचक्यांत आणि तळव्यांना व्हॅसलीनचा जाड थर द्या. घरी आल्यावर तो साबणाने पूर्ण काढा. रात्री तेल-तूप बेचक्यांत भरू नका, त्यानं ओल कोंडते. रात्री बोटांमध्ये सुती कापडाच्या कोरड्या पट्ट्या घाला. गमबूट चालतात, पण वरून पाणी शिरलं तर लगेच ओतून पाय पुसा. पाणी भरलेला बूट अनवाणी पायापेक्षा वाईट.

बेचक्यातून पाणी सुटत असेल तर पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्यात पाय बुडवा. प्रमाण एक लिटर पाण्याला १०० मिलिग्रॅम, पाण्याचा रंग फिका गुलाबी. जांभळा झाला तर पाणी वाढवा. खडे पूर्ण विरघळले पाहिजेत, अख्खा खडा कातडीला भाजतो. दहा ते पंधरा मिनिटं, दिवसातून दोनदा, असं स्राव आटेपर्यंत, म्हणजे सहसा तीन-चार दिवस. नखं तपकिरी होतात, तो डाग पुढे आपोआप जातो. स्राव थांबला की वर सांगितलेलं क्रीम सुरू करा. हिरवट स्राव, घाण वास किंवा वाढती सूज असेल तर मात्र डॉक्टरांकडेच जा.

आणखी एक गोष्ट कोकणात विसरू नये. उंदरांच्या आणि गुरांच्या मुतातून पाण्यात आलेले लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या आजाराचे) जंतू अशाच चिरांतून शरीरात शिरतात. चिखलात काम केल्यावर महिन्याभरात ताप आला, पोटऱ्या दुखल्या, डोळे लाल झाले तर त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जा आणि ‘भाताच्या खाचरात काम केलंय’ हे आपणहून सांगा.

प्रश्न: आईला मधुमेह आहे. तिच्या बोटांत चिखल्या झाल्यात, पण दुखत नाही म्हणते.

दुखत नाही हीच काळजीची गोष्ट, पायाची संवेदना गेलेली असू शकते. घरी उपचार करत बसू नका, डॉक्टरांना पाय दाखवा. रोज रात्री उजेडात तळवे आणि बेचकी तुम्ही स्वतः बघा. गरम पाण्यात पाय बुडवू देऊ नका, भाजलेलं तिला कळणार नाही. पाय लाल होऊन लाली वर चढू लागली किंवा ताप आला तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा.

प्रश्न: चिखल्या बऱ्या झाल्या, पण अंगठ्याचं नख पिवळं आणि जाड झालंय. तेच क्रीम लावू का?

क्रीम नखाच्या आत पोहोचत नाही. आधी नखाचा खरवडलेला भाग तपासून बुरशीच आहे ना, ते पक्कं करा. मार बसून किंवा सोरायसिसनेही नख असंच दिसतं. बुरशी निघाली तर पोटातून गोळ्या साधारण तीन महिने घ्याव्या लागतात, आणि त्याआधी डॉक्टर बहुधा यकृताची तपासणी करून घेतात. गोळ्या संपल्यावरही नख लगेच स्वच्छ दिसत नाही. अंगठ्याचं नख पूर्ण नवं यायला वर्ष-दीड वर्ष लागतं. तोवर नेलकटर वेगळं ठेवा. नखात बुरशी शिल्लक असेल तर चिखल्या पुन्हा तिथूनच सुरू होतात.